पोलेंटा, पेलाग्रा आणि एक जेवण



मागच्या महिन्यात मी हैदराबादेतल्या एका फार महागड्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये जेवलो. आजचा विषय तोच आहे. तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या गप्पांमध्ये हे कुठून आलं? आपण इथे किल्ले, तह, बखरी, दुष्काळ यांबद्दल बोलतो. पण त्या टेबलावर एक पदार्थ आला आणि त्याच्या मागोमाग तीनशे वर्षांचा इतिहास आला. शेवटी तो इतिहास आमच्याच घरापर्यंत येऊन थांबला. म्हणून सांगतो.

माझ्या लेकीला बढती मिळाली होती. ती हायटेक सिटीत नोकरी करते. म्हणाली, "बाबा, या वेळी घरी पुरणपोळी नाही. आजीला घेऊन मी सांगेन तिथे यायचं." माझी आई ८३ वर्षांची आहे. ती मूळची उदगीरजवळच्या एका खेड्यातली, लग्न होऊन हैदराबादेत आली आणि इथलीच झाली. काठपदराची साडी नेसून, हातात रुमाल घेऊन ती तयार होऊन बसली.

जागा ज्युबिली हिल्सवर. दार उघडायला माणूस, पाणी कुठलं हवं हे विचारायला दुसरा माणूस. दिवे इतके मंद, की मला मेनू वाचायला मोबाईलचा दिवा लावावा लागला. मेनूत आकड्यांपुढे रुपयाची खूणही नव्हती, नुसतेच आकडे. आईला दातांमुळे मऊ काहीतरी हवं होतं. लेकीने तिच्यासाठी पोलेंटा मागवला. वर भाजलेली अळंबी, लोणी आणि किसलेलं चीज. आकडा होता ११५०.

पांढऱ्या रुंद बशीत मधोमध पिवळा मऊ गोळा आला. आईने चमच्याने थोडं खाल्लं, चव घेतली आणि म्हणाली, "अगं, ह्या तर कण्या! मक्याच्या हायत एवढंच."

ज्यांना कण्या माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. इंदूर-बडोद्याकडच्या किंवा बेंगळुरूत वाढलेल्या मंडळींनी कदाचित त्या खाल्ल्या नसतील. ज्वारी भरडायची, तो भरडा पाण्यात मीठ घालून रटरट शिजवायचा आणि ताक असेल तर ताकाबरोबर खायचा. मराठवाड्यात हे गरिबाचं जेवण. पीठ कमी असलं की कण्या, माणसं जास्त असली की कण्या.

आईचं म्हणणं अगदी बरोबर होतं. पोलेंटा म्हणजे भरडलेला मका पाण्यात घोटून शिजवलेला. मी इतिहासाचा मास्तर. मला अशी संधी मिळाली की गप्प बसवत नाही. मी टेबलावरच सुरू झालो.

मी सांगू लागलो की मका इटलीचा नाहीच. तो अमेरिका खंडातला. १४९२ साली कोलंबस तिकडे पोहोचला, त्यानंतर मका युरोपात आला आणि सोळाव्या शतकातच व्हेनिसच्या आसपासच्या शेतांत दिसू लागला. त्याआधी तिथला शेतकरी बाजरीवर्गीय धान्यं, जव, बकव्हीट आणि चेस्टनटचं पीठ शिजवून खात असे. पोलेंटा हा शब्द तेव्हाही होता, धान्य वेगळं होतं. इटालियन भाषेत मक्याला 'ग्रानोतुर्को' म्हणतात, म्हणजे तुर्की धान्य. कुठून तरी लांबून आलेलं, एवढंच त्यातून कळायचं.

आता मका इतका पसरला का? कारण साधं आहे. त्याच जमिनीत गव्हापेक्षा मका कितीतरी जास्त पिकतो. पण जास्त पिकलं म्हणून शेतकऱ्याचं पोट जास्त भरलं असं झालं नाही. उत्तर इटलीतल्या पो नदीच्या खोऱ्यात जमीन मालकाची आणि कष्ट कुळाचे, अशी रचना होती. इटलीत वाट्याने शेती करण्याच्या एका पद्धतीचं नाव 'मेत्झाद्रिया'. त्या शब्दाच्या मुळाशी 'अर्धा' हाच अर्थ आहे. आपल्याकडचं अर्धेल. गव्हाला बाजारात भाव होता, म्हणून गहू खंडात आणि बाजारात जायचा. मका शेतकऱ्याच्या घरात राहायचा. अठराव्या शतकापर्यंत अशी स्थिती आली की लोम्बार्दी आणि व्हेनेतो भागातली लाखो गरीब माणसं सकाळी पोलेंटा, दुपारी पोलेंटा आणि रात्रीही पोलेंटाच खात होती.

मोठ्या तांब्याच्या भांड्यात तो घोटायचा, लाकडी पाटावर ओतायचा, थिजला की दोऱ्याने कापायचा. तिकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींत एक गोष्ट नेहमी येते. घरात एकच खारवलेला मासा दोरीने टेबलावर टांगलेला असायचा. प्रत्येकाने आपला पोलेंट्याचा तुकडा त्याला घासायचा आणि वास लागला की खायचा. मासा तसाच टांगलेला. दक्षिण इटलीतले लोक उत्तरेतल्यांना अजूनही 'पोलेंतोने' म्हणून हिणवतात, म्हणजे पोलेंटाखाऊ. एर्मानो ओल्मी यांचा 'द ट्री ऑफ वुडन क्लॉग्ज' हा चित्रपट मिळाला तर जरूर पाहा. बेर्गामोजवळच्या शेतकरी कुटुंबांवरचा हा चित्रपट. १९७८ साली त्याला कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्यात खऱ्या शेतकऱ्यांनी कामं केली आहेत.

लेक म्हणाली, "बाबा, गार होतंय, खा." पण मी रंगात आलो होतो. मी पेलाग्रावर आलो.

मंडळी, हा शब्द नीट लक्षात घ्या, पुढे तो लागणार आहे. १७३५ साली स्पेनमधल्या अस्तुरियास भागात गास्पार कासाल नावाच्या डॉक्टरने मका खाणाऱ्या गरिबांमध्ये एक रोग पाहिला. उन्हात उघडे राहणारे हात, पाय आणि मान काळी पडते, कातडी खरखरीत होते आणि सोलवटून निघते. गळ्याभोवती तर हार घातल्यासारखा पट्टा उमटतो. त्याला वैद्यकात आजही 'कासालचा हार' म्हणतात. १७७१ साली मिलानच्या फ्रान्चेस्को फ्रापोल्ली यांनी या रोगाचं लोकांच्या तोंडी असलेलं नाव लिहून ठेवलं: 'पेल्ले आग्रा', म्हणजे खरखरीत कातडी. त्याचाच पेलाग्रा झाला.

कातडी ही फक्त सुरुवात. पुढे जुलाब लागतात, अंगातली शक्ती जाते. मग माणूस भ्रमिष्ट होतो, स्वतःशी बोलतो, माणसं ओळखत नाही. शेवटी मरतो. दर वसंतात ऊन वाढलं की रोग उफाळायचा. १७८४ साली मिलानजवळ लेन्यानो इथे फक्त पेलाग्रासाठी रुग्णालय काढलं गेलं. गाएतानो स्त्राम्बियो हे तिथले डॉक्टर. तिथे नीट जेवण मिळालं की रुग्ण सुधारायचे. घरी गेले की पुन्हा तोच पोलेंटा आणि पुन्हा तोच रोग. १८८१ सालच्या सरकारी पाहणीत इटलीत पेलाग्राचे १ लाखाहून जास्त रुग्ण मोजले गेले.

व्हेनिसजवळ सान क्लेमेंते नावाचं बेट आहे. १८७३ पासून तिथे बायकांचं वेड्यांचं इस्पितळ होतं. व्हेनेतोच्या खेड्यांतून आलेल्या कितीतरी शेतकरी बायका तिथे होत्या आणि त्यांच्या वेडाचं कारण पेलाग्रा होतं. म्हणजे खरं कारण रिकामं ताट. ते इस्पितळ १९९० च्या दशकात बंद झालं. आज त्याच इमारतीत पंचतारांकित हॉटेल आहे आणि पाहुणे नावेने जेवायला येतात.

एवढं सांगून मी पाण्याचा घोट घेतला. मला वाटत होतं, काय छान जुळवून सांगितलं! आईकडे पाहिलं तर तिचा चमचा बशीत ठेवलेला होता. ती माझ्याकडे बघत होती. तिने विचारलं, "म्हंजे, तो रोग एकाचा दुसऱ्याला होत नाही?"

मी म्हणालो, "नाही. अजिबात नाही. खाण्यातून होतो."

"शिवल्यानं?"

"नाही, आई."

"एका ताटात जेवल्यानं?"

मी पुन्हा नाही म्हणालो. ती म्हणाली, "तुला पक्कं ठाऊक आहे?"

तिच्या या प्रश्नाचं उत्तर इतिहासात फार नीट देऊन ठेवलेलं आहे. ते मी तिला त्या रात्री सांगितलं, तेच तुम्हालाही सांगतो.

पेलाग्रा कशाने होतो यावर शंभर-दीडशे वर्षं भांडणं झाली. इटलीत चेझारे लोंब्रोझो आणि त्यांचे अनुयायी म्हणायचे, बुरशी लागलेल्या मक्यात विष असतं, त्याने होतो. दुसरे म्हणायचे, हा साथीचा रोग आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांत हजारो माणसांना तो होऊ लागला. तिथेही गरीब माणूस मक्यावरच जगत होता. लोक घाबरले, रुग्णांपासून लांब पळू लागले. १९१४ साली अमेरिकन सरकारने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना तपासासाठी पाठवलं.

गोल्डबर्गर अनाथाश्रमांत आणि मनोरुग्णालयांत गेले. त्यांना एक गोष्ट दिसली. तिथल्या रुग्णांना आणि मुलांना पेलाग्रा होतो, पण चोवीस तास त्यांच्यात वावरणाऱ्या परिचारिकांना आणि नोकरांना होत नाही. साथीचा रोग माणूस बघून लागत नाही. मग फरक कशात? जेवणात. नोकरांना दूध, मांस, अंडी मिळत होती. १९१५ साली मिसिसिपीच्या एका तुरुंगाच्या शेतावर, शिक्षा माफ करण्याच्या बोलीवर कैदी स्वेच्छेने पुढे आले. त्यांना मका, मैदा, भात, साखर असं गरिबाचं जेवण दिलं गेलं. शेवटपर्यंत राहिलेल्या ११ पैकी ६ जणांना पेलाग्रा झाला.

तरी लोकांना पटेना. तेव्हा १९१६ साली गोल्डबर्गर यांनी रुग्णांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. रुग्णांच्या कातडीच्या खपल्या आणि मलमूत्र पिठात मिसळून त्याच्या गोळ्या करून गिळल्या. त्यांच्या सहकाऱ्यांनीही हे केलं. त्यांच्या पत्नी मेरी यांनी रुग्णाचं रक्त टोचून घेतलं. एकालाही पेलाग्रा झाला नाही. १९२९ साली गोल्डबर्गर वारले, तेव्हा अन्नातला नेमका कोणता घटक कमी पडतो हे कळलेलं नव्हतं. १९३७ साली कॉनरॅड एल्वेजेम यांनी तो शोधला. नायसिन, म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व.

मक्यात नायसिन असतं, पण अशा रूपात की आपल्या शरीराला ते मिळत नाही. मेक्सिकोतले मूळ रहिवासी हजारो वर्षं मका खात आले. ते मका चुन्याच्या निवळीत किंवा राखेच्या पाण्यात उकळतात आणि मग वाटतात. त्या उकळण्याने नायसिन मोकळं होतं. शिवाय जोडीला घेवडा असतो. युरोपने तिकडून बियाणं आणलं, शिजवायची रीत आणली नाही. तिकडच्या बायकांना विचारावं असं कुणाला वाटलं नाही.

मी हे सगळं सांगितलं. आईने शांतपणे ऐकलं. मग तिने जे सांगितलं, ते मी साठीला आलो तरी कधी ऐकलं नव्हतं.

साल १९५१ असेल. पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता आणि उदगीर बिदर जिल्ह्यात. माझ्या आजोबांकडे स्वतःची जमीन नव्हती, अर्धेलीने करत. तूर, करडई, जे काही विकलं जाई ते सावकाराच्या देण्यात जाई. घरात ज्वारी राही. भाकरी आणि मिरची, कण्या आणि मीठ. डाळ सणावाराला. म्हैस विकलेली होती. जे काही बरं शिजे ते आधी पुरुषांना, मग मुलांना. आजी शेवटी जेवायची.

आई नऊ वर्षांची होती. ती म्हणाली, "चैत्र लागला की तिचे हात काळे पडायचे. पाय बी. कातडी निघायची. गळ्यात काळी पोत घातल्यासारखं दिसायचं." पहिल्या वर्षी लोक म्हणाले, उन्हाने झालंय. दुसऱ्या वर्षी म्हणाले, महारोग आहे. तिचं ताट, तांब्या वेगळा केला. तिसऱ्या वर्षी ती रात्री उठून स्वतःशी बोलू लागली, तेव्हा म्हणाले, बाहेरची बाधा आहे. तिला गोठ्यात ठेवलं. भाकरी न्यायचं काम आईकडे होतं. घरच्या मोठ्यांनी बजावलं होतं, शिवायचं नाही, भाकरी लांबून सरकवायची. आई तसंच करायची.

"ती हात पुढं करायची," आई म्हणाली, "मी मागं सरायची."

त्याच पावसाळ्यात आजी गेली.

मी डॉक्टर नाही. पंच्याहत्तर वर्षांपूर्वी गेलेल्या बाईचं निदान मी करणार नाही. पण तुम्ही म्हणाल, पेलाग्रा तर मक्याचा रोग, तो ज्वारी खाणाऱ्या घरात कसा येईल? तर त्याचं उत्तर आमच्याच हैदराबादेत, त्या रेस्टॉरंटपासून गाडीने तासाभराच्या आत असलेल्या एका संस्थेत मिळतं. आणि ही या गोष्टीतली सगळ्यात कमी माहीत असलेली बाजू आहे.

तारनाक्याला, उस्मानिया विद्यापीठाजवळ, राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी निलगिरीत कुन्नूरला एक छोटं संशोधन केंद्र सुरू केलं, त्याची ही पुढची रूपं. तिथले पुढचे संचालक वॉलेस एक्रॉइड यांनी रोमानियातल्या मका खाणाऱ्या शेतकऱ्यांमधल्या पेलाग्राचा अभ्यास केला होता. हेच एक्रॉइड पुढे १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाच्या चौकशी आयोगाचे सदस्य होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ही संस्था कुन्नूरहून हैदराबादला आली. डॉ. कोलत्तूर गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना इथे दख्खनच्या पठारावरून येणारे पेलाग्राचे रुग्ण दिसू लागले. ही माणसं मका खात नव्हती. ती ज्वारी खात होती, आणि जवळजवळ ज्वारीच खात होती. काही रुग्ण मनोरुग्णालयात सापडत. १९६० साली गोपालन आणि श्रीकांतिया यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे मांडलं. ज्वारीतल्या ल्युसिन नावाच्या घटकाच्या जास्त प्रमाणामुळे शरीराचं नायसिनचं गणित बिघडतं, अशी त्यांची मांडणी होती. या कारणावर पुढे बराच वाद झाला. पण ज्वारीवरच जगणाऱ्या गरिबांमध्ये दख्खनमध्ये पेलाग्रा होता, ही नोंद पक्की आहे.

लगेच ज्वारीवर रागावू नका. मी स्वतः रोज भाकरी खातो. भाकरीबरोबर डाळ, भाजी, शेंगदाण्याची चटणी, ताक असलं की ज्वारी उत्तम धान्य आहे. पोलेंटाही तसाच. दोष धान्याचा नव्हता. ताटात दुसरं काही नसणं, हा रोग होता.

आता पुन्हा त्या महागड्या टेबलाकडे येऊ, कारण एक प्रश्न राहिला. ज्या अन्नाने लाखभर माणसं आजारी पडली, ते ११५० रुपयांना कसं विकलं जाऊ लागलं?

भारतातल्या मोठ्या शहरांत इटालियन माणसाचं झगमगीत हॉटेल ही नवी गोष्ट नाही. फेदेरिको पेलिती हा तुरीनजवळच्या कारिन्यानो गावचा, शिल्पकला शिकलेला माणूस. १८६९ साली तो व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांचा मिठाई करणारा म्हणून भारतात आला. १८७२ साली अंदमानात मेयो यांचा खून झाला आणि पेलितीने कोलकात्यात स्वतःचा धंदा थाटला. पुढे सिमल्यातही. पेलितीकडे दिसणं ही साहेबांच्या समाजात प्रतिष्ठेची गोष्ट होती. किपलिंगच्या कथेतही त्याच्या दुकानाचा उल्लेख येतो. त्यानंतर १९१७ साली अँजेलो फिर्पो यांनी कोलकात्यात चौरंगीवर आपलं रेस्टॉरंट उघडलं. मैदानाकडे तोंड, संध्याकाळी वाद्यवृंद, साहेब आणि राजेरजवाड्यांची गर्दी.

ही इटालियन माणसांची हॉटेलं होती, पण त्यांची कीर्ती केक, पाव, मिठाया आणि साहेबी जेवणावर उभी होती. पेलिती ज्या पिडमाँटमधून आला, तिथला शेतकरी त्याच वर्षांत पोलेंटा खात होता. पण व्हाइसरॉयला कुणी पोलेंटा वाढला नसता. शेतकऱ्याचं अन्न ही लपवायची गोष्ट होती. आणि १९४३ साली त्याच कोलकात्याच्या फुटपाथवर भुकेने माणसं मरत होती, तेव्हाही शहरातली बडी हॉटेलं चालूच होती. महागडं टेबल आणि भूक एकाच रस्त्यावर असू शकतात, हे आपल्या देशाने जवळून पाहिलं आहे.

इटलीतून गरीब माणसं बाहेर पडली. १८८० ते १९१५ या काळात सुमारे १ कोटी ३० लाख इटालियन देश सोडून गेले. अमेरिकेत त्यांना रोज मांस, रोज पांढरा पाव मिळू लागला. त्यांनी काढलेली पहिली खानावळं स्वस्त होती, मजुरांसाठी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर इटली स्वतःही श्रीमंत झाली. शेतमजूर मिलान-तुरीनच्या कारखान्यांत गेला. ताटात दूध, चीज, मांस आलं आणि पेलाग्रा इतिहासजमा झाला. त्यानंतर एक पिढी पोलेंट्याचं नाव काढत नव्हती. ज्यांनी तो सक्तीने खाल्ला, त्यांना तो नको होता.

त्यांच्या नातवंडांना मात्र तो हवासा वाटू लागला. १९७० आणि ८० च्या दशकांत उत्तर इटलीचं जेवण न्यूयॉर्कसारख्या शहरांत फॅशनमध्ये आलं. १९८६ साली रोममध्ये स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅकडोनाल्ड्स निघालं, तेव्हा कार्लो पेत्रिनी आणि त्यांच्या साथीदारांनी निषेध केला. त्यातून 'स्लो फूड' चळवळ उभी राहिली. जुनं धान्य, गावची रीत, आजीचा स्वयंपाक यांना मान मिळू लागला. 'गरिबाचं जेवण' हे शब्द मेनूवर अभिमानाने छापले जाऊ लागले. तिथून ते मुंबई, दिल्ली, हैदराबादच्या मेनूवर आले.

मला यात वाईट काही दिसत नाही. शेतकऱ्याच्या अन्नाला मान मिळाला तर चांगलंच आहे. आपल्याकडेही तेच चाललंय. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं आणि ज्वारी-बाजरी मोठ्या हॉटेलांत गेली. पण एक गोष्ट बघा. आईच्या बशीत पोलेंट्यावर काय होतं? चीज, लोणी, अळंबी. चीजमध्ये प्रथिनं, अळंबीत नायसिन. म्हणजे लेन्यानोच्या रुग्णाला आणि उदगीरच्या गोठ्यातल्या बाईला जे मिळालं नाही, नेमकं तेच त्या बशीत वर घातलेलं होतं. त्या ११५० रुपयांत मक्याचे पैसे फार थोडे. बाकीचे पैसे त्या 'वर घातलेल्या' गोष्टींचे, आणि हे नाही आवडलं तर दुसरं मागवण्याच्या मोकळिकीचे. श्रीमंत आणि गरीब एकच धान्य खाताना दिसले तरी त्यांच्या जेवणात हा फरक राहतोच. अन्नाचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा धान्याचा प्रवास सांगतो, ताटात काय नव्हतं ते सांगायचं राहून जातं. माझंही तसंच झालं होतं. मी पेलाग्राची सालं पाठ म्हणत होतो आणि पेलाग्रा पाहिलेली मुलगी माझ्या समोर बसलेली होती.

आईने तो पोलेंटा सगळा खाल्ला. अळंबी आधी बाजूला सारली होती, तीही नंतर खाल्ली. लेकीने तिचा हात धरून ठेवला होता. बिल किती झालं ते तिने आजीला सांगितलं नाही, आणि आजीनेही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर वाचत होतो. आई फोनवर निलंग्याला तिच्या धाकट्या भावाशी बोलत होती. आजी गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता. त्याला आई आठवतही नाही. एवढी वर्षं त्याच्या घरीही 'आपल्या आईला तसला रोग होता' हे दबक्या आवाजात बोललं जायचं, मुलींची लग्नं जमवताना लपवलं जायचं. आई त्याला मोठ्याने सांगत होती, कारण त्याला कमी ऐकू येतं:

"आईला महारोग नव्हता रे. कुणाची बाधा बी नव्हती. तिला दूध-डाळ मिळायला पाहिजे होती. आपण शिवलो असतो तरी काही झालं नसतं."

मग थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. पलीकडून मामा काय म्हणाला, मला ऐकू आलं नाही.

मंडळी, तुमच्या घरात सत्तरी-ऐंशी पार केलेलं कुणी असेल, तर त्यांना एकदा विचारा, लहानपणी ताटात काय असायचं आणि काय नसायचं. सगळ्यात शेवटी कोण जेवायचं, हेही विचारा. जे सांगतील ते तारीखवार नसेल, पण लिहून ठेवा. आमच्या घरातली ही हकिगत आता मी लिहून ठेवली आहे.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.